ऐकणारा कोण, हे आधी विचारा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



बक्षीस समारंभाच्या दिवशी वक्त्याने थोडक्यात बोलावे हा संकेत मला ठाऊक आहे. तरीही आज मी एक असा विषय निवडला आहे की, जो क्रमिक पुस्तकात फारसा येत नाही, पण ज्याच्याशी आपला रोजचा संबंध येतो. आपण कोणाशी बोलतो, कोणाला अर्ज लिहितो, चार लोकांपुढे उभे राहतो, तेव्हा समोरच्या माणसाविषयी आपल्या मनात आधीच काय ठरलेले असते? आणि त्याच्या मनात आपल्याविषयी काय ठरलेले असते? बोलण्याला तोंड फुटण्यापूर्वीच पुष्कळसा निकाल लागून गेलेला असतो. तो निकाल बदलता येतो का, एवढाच आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आपल्या मीरा-भाईंदरला जितका लागू आहे तितका क्वचितच दुसऱ्या गावाला असेल. इथे मुळात मिठागरे, शेती आणि मासेमारी यांवर जगणारी गावे होती. आगरी, कोळी आणि ख्रिस्ती कुटुंबांची वस्ती होती. उत्तनचा कोळीवाडा आजही आहे. मुंबईत जागा परवडेना तसतशी माणसे लोकलच्या रुळांबरोबर उत्तरेकडे सरकली. १९८५ साली इथे नगरपालिका झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतील अनेक मुस्लिम कुटुंबे सुरक्षित निवारा शोधीत मीरा रोडला आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८ लाख ९ हजारांच्या पुढे गेली होती. कोकणातला, उत्तर प्रदेशातला, गुजरातचा, राजस्थानचा, केरळचा असा माणूस एकाच इमारतीच्या एकाच जिन्यावर राहतो. जिन्यावर आपण रोज भेटतो. पण एकमेकांशी बोलतो किती, आणि एकमेकांविषयी ऐकून काय ठरवतो किती, याचा हिशेब प्रत्येकाने आपापल्या मनाशी करून पाहावा.

ओतीव पत्रा

इंग्रजीत ‘स्टिरिओटाइप’ म्हणून एक शब्द आहे. आपण त्याला साचेबंद किंवा ठोकळेबाज प्रतिमा म्हणतो. हा शब्द मूळचा छापखान्यातला आहे. पूर्वी पुस्तक छापायचे म्हणजे शिशाचा एकेक खिळा जुळवून पान तयार करीत. जुळवलेल्या पानात चूक सापडली तर चिमट्याने एक खिळा काढून दुसरा बसवता येई. परंतु तेच पान पुन्हा पुन्हा छापायचे असेल तर त्या जुळणीचा साचा घेऊन त्यात धातू ओतीत आणि सबंध पानाचा एकच पत्रा तयार करीत. काम झपाट्याने होई, हजारो प्रती निघत. मात्र त्या पत्र्यात एक अक्षर चुकलेले असेल, तर ते प्रत्येक प्रतीत चुकलेलेच राही. या पत्र्याला स्टिरिओटाइप म्हणत. १९२२ साली वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकाराने लोकमतावरील आपल्या ग्रंथात हा शब्द माणसाच्या मनाला लावला आणि तेव्हापासून तो जगभर रूढ झाला.

लिपमनचे म्हणणे असे होते की, जग फार मोठे आहे आणि आपल्याला वेळ थोडा आहे. म्हणून माणूस आधी ठरवतो आणि मग पाहतो. त्यात केवळ दुष्टपणा असतो असे नाही, सोयही असते. गर्दीत उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाची चौकशी करीत बसलो तर लोकल सुटायची! तेव्हा मनात काही अंदाज असणे हा दोष नव्हे. अंदाज खिळ्यांचा आहे की ओतीव पत्र्याचा आहे, चूक दिसल्यावर दुरुस्त होतो की नाही, हे महत्त्वाचे.

आपल्यावर छापलेले

प्रथम आपल्याविषयीच्या एका पत्र्याचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात पुष्कळांची अशी समजूत आहे की, मुस्लिम म्हटला की त्याची भाषा उर्दू आणि मराठी त्याला परकी. २०११ च्या जनगणनेचे आकडे काय सांगतात? राज्यात मुस्लिमांची संख्या सुमारे १ कोटी ३० लाख होती, आणि मातृभाषा उर्दू असे नोंदवणारे सुमारे ७५ लाख होते. ते सगळे मुस्लिम धरले तरीही पन्नास लाखांहून अधिक मुस्लिमांनी आपली मातृभाषा दुसरी सांगितली: कोणी मराठी, कोणी कोकणी, कोणी हिंदी, कोणी गुजराती. दापोली-खेडच्या किंवा श्रीवर्धन-म्हसळ्याच्या मुस्लिम घरात आजी नातवाला ज्या बोलीत रागावते, ती बोली ऐकून तिला परकी कोण म्हणेल? आणि ज्यांची मातृभाषा उर्दू आहे त्यांच्याही कित्येक पिढ्या याच मातीत गेल्या आहेत, हे वेगळे सांगायला नको.

२०२५ च्या जुलैच्या सुमारास आपल्या मीरा रोडमध्ये भाषेवरून वाद पेटला. मराठीच्या प्रश्नावरून एका दुकानदाराला मारहाण झाली. तिच्या निषेधार्थ व्यापाऱ्यांचा मोर्चा निघाला आणि त्याला उत्तर म्हणून ८ जुलैला मराठीच्या बाजूने दुसरा मोर्चा निघाला. कोण बरोबर, कोण चूक, याचा निवाडा करण्याचे हे व्यासपीठ नव्हे. मला एवढेच दाखवायचे आहे की, त्या दिवसांत शहरातल्या माणसांसाठी दोनच खोके उरले होते: मराठी आणि अमराठी. रत्नागिरीच्या मुस्लिम बाईने कोणत्या खोक्यात बसायचे? उत्तनच्या ख्रिस्ती कोळ्याने, ज्याच्या घरात पिढ्यानपिढ्या मराठी बोली आहे, त्याने कोणत्या? खोके दोनच असले की माणसे उरतात, आणि उरलेल्यांना कोणी विचारीत नाही.

या ठोकळ्यांची किंमत पोटापर्यंत येते. सुखदेव थोरात आणि पॉल अॅट्टवेल या दोन अभ्यासकांनी एक पाहणी केली होती. ती २००७ साली प्रसिद्ध झाली. वर्तमानपत्रांतील नोकरीच्या जाहिरातींना अनुसरून त्यांनी खासगी कंपन्यांकडे अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या अर्जांच्या मानाने दलित नावाच्या अर्जांना पुढचे बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली आणि मुस्लिम नावाच्या अर्जांना त्याहूनही कमी. विद्यार्थी मित्रांनो, हे मी तुम्हाला नाउमेद करण्यासाठी सांगत नाही. ही गोष्ट खरी आहे आणि तुमच्यापासून ती लपवणे म्हणजे तुमची फसवणूक होईल, म्हणून सांगतो. असा भेदभाव दूर करण्याची जबाबदारी कायद्याची आणि संस्थांची आहे. तुम्ही नीट बोलायला शिकलात की सारे आपोआप मिटेल, असे म्हणणारा माणूस तुम्हाला अर्धेच सांगतो.

‘तुम्ही त्यातले वाटत नाही’

मग आपण काय करतो? आपण थोरांची यादी वाचून दाखवतो. यादी खोटी नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठी ओव्यांत रचला. बार्शीत जन्मलेले अमर शेख यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आपल्या पहाडी आवाजाने मैदाने भारून टाकली. रायगडच्या आंबेत गावचे बॅ. अब्दुल रहमान अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८१ साली, कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव मिळाले आणि सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. ही दोन्ही नावे शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांची. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. या गोष्टी आपल्या मुलांना ठाऊक असल्याच पाहिजेत.

परंतु यादीने ठोकळा फुटतो, असे मात्र समजू नका. ज्याच्या मनात पत्रा ओतून तयार आहे त्याला तुम्ही दहा नावे सांगितलीत तर तो म्हणेल, ‘ते अपवाद हो!’ आणि तुमच्याशी दोन घटका गप्पा मारून झाल्यावर मोठ्या प्रेमाने म्हणेल, ‘तुम्ही त्यातले वाटत नाही.’ आपणही सुखावतो. पण जरा विचार करा. या वाक्याने तुम्हाला ठोकळ्यातून बाहेर काढले आणि तुमच्या सगळ्या शेजारपाजाऱ्यांना आतच ठेवले. असे कोणी म्हणाले तर रागावू नका, पण ‘आभारी आहे’ असेही म्हणू नका. शांतपणे विचारा: ‘तुमच्या माहितीत अशी आणखी किती घरे आहेत?’ बहुधा उत्तर एक-दोनच्या पुढे जात नाही. तिथून पुढे खरे बोलणे सुरू होते.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने पूर्वग्रहांचा स्वभाव उलगडणारा एक ग्रंथ १९५४ साली लिहिला. त्यात त्याने म्हटले आहे की, नुसते जवळ राहून पूर्वग्रह जात नाहीत. बरोबरीच्या नात्याने, एकाच कामासाठी, हातात हात घालून झटावे लागते आणि त्याला वडीलधाऱ्यांचा व संस्थांचा पाठिंबा असावा लागतो. इमारतीच्या पाण्याच्या टाकीचा प्रश्न असो, नालेसफाईचा असो की लोकलच्या फेऱ्यांचा. त्यासाठी चार धर्मांच्या चार माणसांनी मिळून महानगरपालिकेत वा रेल्वेच्या कार्यालयात घातलेली एक खेप दहा सद्भावना भाषणांच्या बरोबरीची आहे. त्यात माझे हे भाषणही आलेच!

आपण छापलेले

आता नाणे उलटे करू. आपल्या बैठकांतून आपण इतरांविषयी काय बोलतो? अमुक समाजाचा माणूस पैशाशिवाय दुसरे काही जाणत नाही. तमुक वस्तीतला माणूस भांडखोरच. आणि परके तरी कशाला? कोकणी कुटुंबांनी उत्तरेकडून आलेल्या मुस्लिमांविषयी आणि त्यांनी कोकण्यांविषयी काय काय ठरवून ठेवले आहे, हे सोयरिकीच्या वेळी ऐकावे. मुलींविषयी तर घरातच पत्रे ओतून ठेवलेले असतात: मुलीला गणित कशाला, मुलगी एकटी लोकलने जाणार कशी, शिकून शेवटी करणार काय? त्या मुलीला कोणी विचारलेले नसते. ज्या तक्रारीसाठी आपण जगाशी भांडतो, तीच तक्रार आपली मुलगी आपल्याविरुद्ध करू शकते, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

श्रोत्याचा अभ्यास

संवादशास्त्रात श्रोत्याच्या अभ्यासाला फार महत्त्व आहे. बोलण्यापूर्वी ऐकणारा कोण आहे, त्याचे वय काय, त्याला काय ठाऊक आहे, त्याला कशाची काळजी आहे, हे जाणून घ्यावे आणि मग बोलावे. अॅरिस्टॉटलने दोन हजार वर्षांपूर्वी वक्तृत्वावरील ग्रंथात तरुण, वृद्ध आणि मधल्या वयाचे श्रोते कसे असतात याचे वर्णन केले आहे. तरुण उतावळे आणि आशावादी, वृद्ध संशयी, असे तो सांगतो.

इथे हुशार विद्यार्थी मला अडवील. तो म्हणेल, ‘सर, तरुण उतावळे, वृद्ध संशयी, हा तर ठोकळाच झाला! मग अभ्यास आणि ठोकळा यांत फरक तो काय?’ प्रश्न अगदी योग्य आहे, आणि माझ्या आजच्या भाषणाचा गाभा हाच आहे. दोन्ही दिसायला सारखेच असतात. दोन्हींत आपण माणसांच्या एका गटाविषयी काही धरून चालतो. फरक एवढाच की, ठोकळा विचारल्याशिवाय ठरवतो आणि अभ्यास ठरवण्यापूर्वी विचारतो. शिवाय उत्तर वेगळे आले तर आपला अंदाज बदलतो. ज्याने विचारले नाही, त्याने कितीही तक्ते मांडले तरी तो अभ्यास नव्हे.

आपल्याच भाषेतले एक जुने उदाहरण पाहा. फादर थॉमस स्टीफन्स हा मूळचा इंग्लंडचा जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना कथा सांगायची तर ती त्याला लॅटिन वा पोर्तुगीज थाटात सांगता आली असती. त्याने लोकांची भाषा शिकून घेतली. पुराण ऐकण्याची या लोकांना पिढ्यांची सवय आहे, ओवी त्यांच्या कानात बसलेली आहे आणि ते सुटल्यामुळे त्यांना चुकल्याचुकल्यासारखे वाटते, हे त्याने ओळखले. म्हणून १६१६ साली छापलेले त्याचे ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत आहे. त्याच्या धर्मकार्याविषयी कोणाचे मत काहीही असो. ‘या लोकांना काय कळणार’ असे न म्हणता ‘हे लोक कसे ऐकतात’ हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला, एवढे मान्य करावेच लागेल.

पोलिओचे दोन थेंब

अलीकडचे उदाहरण याहून मोलाचे आहे. २००२ साली भारतात पोलिओचे सोळाशे रुग्ण सापडले. त्यांतले बाराशेहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात होते. तिथल्या पश्चिम भागातील गरीब मुस्लिम वस्त्यांत पुष्कळ घरे डोस नाकारीत. डोसने मुले पुढे निपुत्रिक होतात, अशी अफवा पसरली होती. कारण सांगणे सोपे होते: हे लोक अडाणी आणि धर्मवेडे आहेत. हा पत्रा ओतून तयारच होता आणि पुष्कळांनी तो वापरलाही.

परंतु मोहिमेतल्या काही माणसांनी दारात उभे राहून ऐकायला सुरुवात केली. तेव्हा निराळेच ऐकू आले. आयांचे म्हणणे असे की, पोराला ताप आला, जुलाब झाले तर कोणी डॉक्टर या गल्लीत फिरकत नाही. गटारे तुंबलेली आहेत, ती कोणी काढीत नाही. मग या एकाच औषधासाठी सरकार वर्षातून इतक्यांदा फुकट दारात का येते? यात काळेबेरे असलेच पाहिजे. मित्रांनो, हा प्रश्न अडाणी माणसाचा नाही. उपेक्षा सोसलेल्या माणसाचा तो अत्यंत तर्कशुद्ध प्रश्न आहे. अफवेला जागा मिळाली ती या प्रश्नाला कोणी उत्तर दिले नाही म्हणून.

मग कामाची तऱ्हा बदलली. त्याच मोहल्ल्यातल्या स्त्रिया घरोघर समजावण्यासाठी नेमल्या गेल्या. मशिदींतून डोसच्या दिवसाची घोषणा होऊ लागली. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया, जामिया हमदर्द या संस्थांनी साथ दिली. डोसबरोबर आरोग्य शिबिरे आणि स्वच्छतेची कामे जोडली गेली. लसीत सुधारणा झाल्या आणि स्थलांतरित मजुरांच्या मुलांपर्यंतही मोहीम पोहोचली; या साऱ्याचा वाटा यशात आहे. १३ जानेवारी २०११ नंतर देशात जंगली पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण आढळला नाही, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. ठोकळा कायम ठेवला असता तर किती मुले कायमची पांगळी झाली असती, याची कल्पना करा. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी आणि मालेगावात गोवर पसरला, तेव्हा हाच धडा पुन्हा उजळावा लागला.

आपल्या शाळेपासून सुरुवात

आता आपल्या घरी या. शाळाशाळांतून एक तक्रार नेहमी ऐकू येते: ‘पालकांना मुलांच्या शिक्षणाची आस्था नाही, सभेला बोलावले तर येत नाहीत.’ हाही एक पत्राच आहे. समजा, सभा बुधवारी सकाळी अकराला ठेवली आहे. वडील रिक्षा चालवतात किंवा रोजंदारीवर आहेत. आले तर त्या दिवसाची कमाई बुडते. कोणी पहाटेच्या लोकलने चर्चगेटकडे गेलेले असतात. सूचना इंग्रजीत छापलेली आहे आणि आईला उर्दू किंवा मराठी वाचता येते. सभेत मुलाचे गुण सगळ्यांसमोर वाचून दाखवतात, म्हणून मागच्या वर्षी मान खाली घालून गेलेली आई यंदा येत नाही. यातल्या एकाही कारणाला अनास्था म्हणता येईल का? शिक्षकांनी एक चिठ्ठी पाठवून विचारावे: कोणता वार, कोणती वेळ, कोणती भाषा? रविवारी संध्याकाळी सभा ठेवून पाहावी. आणि पालकांनीही ‘मास्तरांना आमच्या मुलांची पर्वा नाही’ हा आपला पत्रा बाजूला ठेवून एकदा वर्गात येऊन बसावे.

विद्यार्थ्यांसाठी चार साध्या गोष्टी सांगतो आणि थांबतो.

पहिली, बोलण्यापूर्वी किंवा लिहिण्यापूर्वी विचारा: हे कोण वाचणार आहे आणि त्याला माझ्याकडून काय हवे आहे? महानगरपालिकेच्या कारकुनाला तुमच्या वॉर्डचे नाव, तारीख आणि तक्रार पाच ओळींत हवी असते. तुमची दोन पानांची व्यथा तो वाचीत नाही.

दुसरी, मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी या चारही भाषांत दहा मिनिटे नीट बोलता येईल अशी तयारी करा. या गावात राहून ते अवघड नाही. समोरच्याच्या भाषेत दोन वाक्ये बोललात तर त्याच्या मनातला पत्रा निम्मा सैल होतो. ही तयारी कोणाच्या धाकाने करू नका. ती तुमची मिळकत आहे.

तिसरी, मुलाखतीला जाल तेव्हा सबंध समाजाचे वकीलपत्र घेऊन जाऊ नका. तुम्ही तुमच्या कामाविषयी, अभ्यासाविषयी, केलेल्या एखाद्या प्रयोगाविषयी तपशिलाने बोला. ठोकळ्याला तपशील नसतो. ज्याच्याजवळ तपशील आहे त्याला ठोकळ्यात कोंबणे कठीण जाते. तरीही अन्याय झाला तर गप्प बसू नका. तारीख-वार लिहून ठेवा आणि शिक्षकांना सांगा.

चौथी, कोणाविषयी ‘ते लोक असेच’ हे वाक्य तोंडावर आले की तिथेच थांबा आणि स्वतःला विचारा: यांतल्या किती जणांशी मी बोललो आहे? उत्तर शून्य आले तर वाक्य गिळून टाका आणि पुढच्या आठवड्यात एकाशी बोला.

पालकहो, आपण मुलांसाठी फी भरता, पुस्तके घेता, शिकवण्या लावता. त्याबरोबर एक गोष्ट फुकट देता येईल. शेजारच्या दारात राहणारे घर कोणत्या गावचे, त्यांच्याकडे कोणता सण कसा होतो, त्यांच्या मुलाची परीक्षा केव्हा आहे, हे रात्री जेवताना मुलांना सांगा. ठाऊक नसेल तर उद्या विचारून या. आपल्या मुलांविषयी जगाने विचारून मग ठरवावे, अशी आपली रास्त अपेक्षा आहे. त्या अपेक्षेचा आरंभ आपल्या जिन्यावरून करू या.

 आज बक्षिसे मिळवलेल्या आणि पुढच्या वर्षी मिळवणार असलेल्या सर्व विद्यार्थ्यांना माझ्या मनःपूर्वक शुभेच्छा.